सव्वादोन

रात्री पावणेबाराला फळ्यावर एक जागा रिकामी दिसली.
आमच्याकडे प्रत्येक हत्याराची सावली रंगवलेली असते,
पिवळ्यावर काळी.
शिफ्ट संपली की सावलीवर देह परत आला पाहिजे.
दहा नंबरचा सॉकेट आला नव्हता
आणि त्याच्या खिळ्यावर टोकन लटकत होतं
एकशे चौदा. म्हणजे मी.

हर्षदभाई घड्याळाकडे बघत म्हणाले,
चालशे, बेन. सवारे जोईशुं.

बडोद्यात या एका शब्दावर बरंच चालतं.
रिक्षाचं भाडं, सुट्ट्या पैशांऐवजी गोळी,
दांडिया बाजारातल्या आमच्या आमटीत
पिढ्यानपिढ्या वाढत गेलेला गूळ.
हरणीच्या या हँगरमध्ये नाही चालत.
मी वहीत लिहिलं: हरवला. माझ्याकडून.
विमानाला लाल पट्टी बांधली.
अकरा माणसं थांबली.
कुणी घरी फोन केला, कुणी नुसताच चहा प्यायला,
माझ्याकडे कुणी बघितलं नाही
हे त्यांचे उपकार.

माघात लग्न झालं तेव्हा
मंगळ बाजारातल्या कासाराने माझा हात दाबून पाहिला
आणि माप सांगितलं, सव्वादोन.
शाळकरी पोरीचा हात आहे, म्हणाला.
नवव्या दिवशी मी कामावर आले.
काचेला इथे दाराच्या आत परवानगी नाही,
लेडीज रूममध्ये साबण लावून चुडा उतरवला,
डाव्या हातातल्या अकरा, उजव्यातल्या दहा,
मोजून, हत्यारांसारख्या.
विसावी काढताना एक गेली.
घरी सांगितलं, वाढवली.
बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत.
कुंकू, दिवा, बांगडी, यांच्यासाठी
भाषेने मऊ पायपुसणी अंथरून ठेवली आहेत.
विमानासाठी नाही अंथरली.
इथे फुटलं ते फुटलं,
आणि कोणी, कधी, कुठल्या हाताने, तेही.

दोन वाजता कॅमेऱ्याच्या तारेला तो दिसला,
पंखाच्या पोटात, सातव्या बरगडीपलीकडे
खाचेत पडलेला, तान्ह्यासारखा निवांत.
चुंबकाची काठी वळणावर अडली.
जयदीपचा हात अडला, वोराचा अडला.
भोक साठ मिलिमीटरचं.
मी मनात गुणाकार केला:
सव्वादोन इंच म्हणजे सत्तावन्न.

हात सैल सोड, पोरी,
हाडं आहेत हे विसर.
कासार म्हणाला होता ते आठवलं,
अंगठा तळव्यात दुमडला,
करंगळी त्याच्यावर,
आणि श्वास सोडता सोडता
मी विमानाच्या आत शिरले, कोपरापर्यंत.

आत थंड होतं.
उद्या तिथे इंधन भरेल, मग कुणाचाच हात नाही.
मी आंधळी, बोटांनी चालत गेले,
एक रिव्हेट, दुसरा, तिसरा,
यातले निम्मे माझ्या देखत बसवलेले,
चेहऱ्याने ओळखीचे, स्पर्शाने परके.
शेवटी तो लागला. बोटभर लोखंड.
कॉलेजात पाच वर्षं मी हवेचा दाब शिकले,
पंख का उचलतो, किती वाकतो, कुठे तुटतो.
पंखाला आतून पकडायला कुणी शिकवलं नव्हतं.

तीन चाळीसला वहीत लिहिलं: सापडला.
मग टॉर्च मारून पाहिलं तर
ओल्या सीलंटवर माझ्या अंगठ्याचा ठसा,
रेषा न् रेषा, आधार कार्डासारखा स्वच्छ.
तेही लिहिलं.
ते खरवडायचं, पुन्हा भरायचं, सुकू द्यायचं,
म्हणजे उद्याचा दिवस गेला.
हर्षदभाईंनी कपाळाला हात लावला.
पण चालशे म्हणाले नाहीत.

सकाळी घरी सासूबाईंनी मनगट धरलं.
सबंध गोल सोललेलं, कडं घातल्यासारखं.
हे काय गं?
भोकात अडकला, म्हटलं. माझी चूक होती.
त्या हळद आणायला गेल्या.
मी त्यांच्या पाठीला सांगून टाकलं,
आणि ती बांगडी ना, आई,
फुटली होती.